मोडता येणारा करार

रामदासपेठेच्या पूर्वेला, पायी निघाले तरी अर्ध्या तासात, सीताबर्डीची टेकडी लागते. नागपूरकर तिला किल्ला म्हणतात. पण २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथे किल्ला नव्हता. एक मोठी आणि एक लहान अशा दोन उघड्या टेकड्या, पायथ्याशी इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सचा बंगला आणि ईस्ट इंडिया कंपनीची दीड हजारांच्या आतली फौज, एवढेच होते. समोर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य कितीतरी पटींनी मोठे होते आणि त्यातल्या अरब पलटणींचा दरारा दूरवर होता. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याचा एक गाडा पेटून स्फोट झाला, त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली, पुढे कंपनीच्या घोडदळाने उलटा हल्ला चढवला आणि दुपारपर्यंत डाव पालटला. पाठ्यपुस्तकात ही लढाई तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातला एक प्रसंग म्हणून येते आणि तेवढ्यावरच संपते. तिच्यातली खरी विचार करण्याजोगी बाब अशी की हे दोन पक्ष कागदोपत्री शत्रू नव्हते. दीड वर्षापूर्वी, मे १८१६ मध्ये, त्यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला होता. नागपूरचे रक्षण करण्यासाठी आणलेल्या फौजेशीच नागपूरला लढावे लागले.

बलाढ्य सत्ता आणि लहान किंवा विकसनशील देश यांच्यातली संरक्षण-भागीदारी हा आज रोजच्या बातम्यांचा विषय आहे. अमेरिका, चीन, फ्रान्स, रशिया आफ्रिकेत आणि हिंद महासागरात असे करार करतात. आता भारतही करतो. अशा करारांची चर्चा करताना आपण बहुधा किती फौज, किती शस्त्रे, किती कर्ज हे मोजतो. माझे म्हणणे असे की हे मोजमाप दुय्यम आहे. करारात लहान बाजूला बाहेर पडण्याची आणि इतरांशी बोलण्याची मोकळीक किती आहे, यावर ती भागीदारी आहे की मांडलिकी हे ठरते. शिवाय ही मोकळीक बलाढ्य सत्तेच्याही फायद्याची असते. याचा पुरावा शोधायला विदर्भाइतकी चांगली जागा नाही.

दुसरे रघूजी भोसले १८०३ मध्ये असई आणि अडगाव येथे हरले, गाविलगड गेला, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने कटक-बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांना सोडावा लागला. दरबारात रेसिडेंट ठेवणे त्यांनी मान्य केले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्या जागी आलेला नामांकित अधिकारी. पण तैनाती फौज घेण्यास रघूजींनी मरेपर्यंत नकार दिला. पेंढारी गावे लुटत होते, १८०९ मध्ये पठाण सरदार अमीरखान चालून आला, तिजोरी रिकामी होत होती, तरीही ते बधले नाहीत. हा हट्ट नव्हता. भोसल्यांना या व्यवहाराची दुसरी बाजू स्वतः ठाऊक होती. १७५१ मध्ये बंगालच्या अलीवर्दीखानाने ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ देऊन त्यांच्याकडूनच शांतता विकत घेतली होती. दुसऱ्याच्या तलवारीची सावली काय भावाने पडते, हे त्या घराण्याच्या हिशेबवह्यांत नोंदलेले होते. मार्च १८१६ मध्ये रघूजी वारले. मुलगा परसोजी आजारी आणि दुबळा. कारभारावर हक्क सांगणारे दोन गट. राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्या गटाला शह देण्यासाठी पुतण्या आप्पासाहेबाला बाहेरचा आधार हवा होता. दोन महिन्यांत त्याने तैनाती फौजेच्या करारावर सही केली. राज्याला पेंढाऱ्यांपासून वाचवायचे हे कारण होतेच, पण निकड होती ती स्वतःच्या सत्तेची. राज्यकर्त्याच्या खुर्चीचे रक्षण आणि देशाचे रक्षण या दोन गोष्टी एकाच कागदावर येतात, तेव्हा बहुतेक वेळा पहिलीसाठी दुसरी गहाण पडते.

कराराचा साचा लॉर्ड वेलस्लीने घालून दिलेलाच होता. फौज कंपनीची, अधिकारी कंपनीचे, पगार मात्र राजाच्या खजिन्यातून. आणि त्याहून महत्त्वाचे कलम म्हणजे, कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. हे कलम किती जिवंत होते ते नोव्हेंबर १८१७ मध्ये दिसले. ५ तारखेला खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई जुंपली होती. तशात पुण्याहून आप्पासाहेबासाठी खिलत, जरीपटका आणि सेनासाहेब सुभा हा किताब आला. भोसल्यांच्या घराण्यात हा किताब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. २४ तारखेला आप्पासाहेबाने तो दरबारात उघडपणे स्वीकारला. जेंकिन्सने समारंभाला जाण्याचे नाकारले आणि दरबाराशी व्यवहार तोडला. दोन दिवसांनी टेकडीवर तोफा धडाडल्या. आप्पासाहेबाच्या मनात लढाईची तयारी होती, यात शंका नाही. पण करारभंगाचा उघड पुरावा म्हणून इंग्रजांपुढे जे आले, ते होते आपल्याच छत्रपतींच्या परंपरेतून आलेला मान स्वीकारणे. ज्या करारात घरातल्या वडीलधाऱ्याकडून वस्त्रे घेणे हा गुन्हा ठरतो, त्याला मैत्रीचा करार म्हणता येत नाही.

कंपनीने हे कलम सगळीकडे घातले होते, आणि त्यामागे पक्का हिशेब होता. वसईला ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने सही केली, त्याआधी १७९८ मध्ये हैदराबादच्या निजामाने, तसेच बडोद्याच्या गायकवाडांनीही. प्रत्येकाचा करार कंपनीशी स्वतंत्र. आपापसात एकाचाही नाही. चाकाचे आरे तुंब्याशी जोडलेले असतात पण एकमेकांना टेकत नाहीत, तशी ही रचना होती. लहान सत्तांनी एकत्र बसून अटी ठरवल्या असत्या, तर कंपनीला त्या मानाव्या लागल्या असत्या. म्हणून त्यांनी एकत्र बसूच नये, याची सोय आधी केली गेली.

पैशाची बाजू वऱ्हाडात पाहावी. निजामाकडे तैनाती फौजेशिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची आणखी एक फौज उभी राहिली, ती हैदराबाद कंटिंजंट. निजामाला तिची गरज किती होती हा वादाचा प्रश्न आहे, पण पगार त्याने द्यायचा हे पक्के होते. महसूल पुरेना, तेव्हा पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढून पगार भागवला गेला. थकबाकी वाढत गेली आणि २१ मे १८५३ च्या तहाने अमरावती, अकोल्याचा वऱ्हाड त्या खर्चापोटी इंग्रजांच्या हाती सोपवावा लागला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून तोच मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला. भारतातल्या उत्तम कापूस-प्रदेशांपैकी एक, संरक्षणाच्या बिलापोटी गेला. आज एखाद्या बंदरासाठी किंवा गस्ती जहाजांसाठी घेतलेले कर्ज फिटत नाही म्हणून जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जाते, तेव्हा त्याला नवी नावे मिळतात. वऱ्हाडातल्या वाचकाला त्यात नवे काही वाटू नये.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ज्यांनी तैनाती फौज निमूट ठेवली ती संस्थाने १९४७ पर्यंत टिकली. बडोद्याने तर शाळा, ग्रंथालये, कारखाने उभारले. जे उलटले ते बुडाले. मग शहाणपण कशात होते? हा आक्षेप नागपूरपुरता तरी टिकत नाही. आप्पासाहेबाला पदच्युत केल्यावर १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले. त्यांनी इंग्रजांशी कधी वाकडे धरले नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर लिलावात निघाले. निष्ठेने राहिलेल्या दोस्ताचे हे झाले, कारण करार मोडण्याची मुभा एकाच बाजूला होती. आणि जिथे संस्थाने टिकली तिथेही एक किंमत प्रजेने दिली. सर टॉमस मन्रो हा कंपनीचाच बुद्धिमान अधिकारी. सीताबर्डीच्या तीनच महिने आधी, ऑगस्ट १८१७ मध्ये, त्याने गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जला लिहिलेल्या पत्रात हे स्वच्छ मांडले आहे. वाईट कारभारावर एरवी बंडाचा किंवा परचक्राचा धाक असतो. तैनाती फौज तो धाक काढून टाकते, त्यामुळे राजा आळशी होतो, गावे ओस पडतात आणि रयतेला दाद मागायला जागा उरत नाही. बडोद्याचे भाग्य सयाजीरावांसारखा राजा लाभण्यात होते. ते करारातून आले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक सयुक्तिक आहे. व्यापारी कंपनीची लूट आणि आजचे सार्वभौम देशांतले करार यांची तुलना कशी करायची? आज संयुक्त राष्ट्रांची सनद आहे, लहान देशांना आमसभेत मत आहे, एकाने अटी लादल्या तर दुसऱ्याकडे जाता येते. हा फरक मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याच फरकावर उभा आहे. फिलिपिन्सचे पाहा. १६ सप्टेंबर १९९१ रोजी तिथल्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळांचा नवा करार फेटाळला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुबिक बेचा प्रचंड नौदल-तळ रिकामा झाला. अमेरिकेने मनिलावर फौज पाठवली नाही. पुढे दक्षिण चीन समुद्रात चीनचा दाब वाढला, तेव्हा २०१४ मध्ये त्याच देशाने आपल्या अटींवर अमेरिकी सैन्याला काही तळांवर पुन्हा जागा दिली. तळाची मालकी आता फिलिपिन्सची. एकदा बाहेर पडता आले, म्हणून परत आत येताना भीती कमी होती. याउलट नायजर. अमेरिकेने अगादेझला दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून ड्रोनचा तळ बांधला. फ्रान्सची फौज होतीच. पण हे सारे संबंध राजधानीतल्या मोजक्या लोकांशी होते. जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, वर्ष संपण्याआधी फ्रेंच गेले, मार्च २०२४ मध्ये अमेरिकेशी असलेला करार रद्द झाला आणि सप्टेंबरपर्यंत शेवटचा अमेरिकी सैनिक निघाला. बाहेर काढण्याची ताकद तिथेही लहान देशाकडे होती, पण लोकांना कधी विचारले गेले नव्हते, म्हणून ती वापरली गेली बंडखोर सेनाधिकाऱ्यांकडून.

आता आपल्याकडे वळू, कारण या व्यवहारात भारत आज जेंकिन्सच्या बाजूला बसतो आणि ही जाणीव आपल्याला नीट झालेली नाही. जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार झाला. त्यासोबतच्या पत्रांत त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध दुसऱ्या देशाला वापरू द्यायचे नाही, अशी अट होती. हेतू समजण्यासारखा होता. अटीचा वास मात्र जुनाच. भारताची शांतिसेना गेली, आणि ज्यांच्या रक्षणासाठी गेली त्या तमिळ भागातच लढत राहिली. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी तिला परत जाण्यास सांगितले. आपण वेळ काढला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते आणि कोलंबोत आपल्याबद्दल कडवटपणा साचला होता. मालदीवमध्ये मात्र आपण शहाणपणाने वागलो. २०२३ मध्ये मुइझ्झू ‘भारत हटाव’ म्हणत राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. तिथे आपले जवान शंभरही नव्हते. दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवायला ते होते, आणि त्यांचे बरेचसे काम बेटांवरच्या रुग्णांना राजधानीत आणण्याचे होते. भारताने चिडून काही केले नाही. १० मे २०२४ पर्यंत जवान परत आले, त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले. दरम्यान मार्चमध्ये मुइझ्झूंनी चीनशी लष्करी मदतीचा करारही केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीला आले आणि ४० कोटी डॉलर व तीन हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची मदत घेऊन गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. जवान नेण्यास नकार दिला असता, तर हे घडले नसते.

‘अशी मोकळीक दिली तर आपण सोडलेल्या जागी चीन येऊन बसेल’ असे दिल्लीतले अनेक जाणकार म्हणतात. धोका खरा आहे. सेशेल्सच्या असम्पशन बेटावर सोयी उभारण्याचा करार २०१५ मध्ये झाला, २०१८ मध्ये सुधारला गेला, आणि तिथल्या संसदेत अडकला. पण सेशेल्सशी आपले संबंध त्यामुळे तुटले नाहीत. आपण दिलेली गस्ती जहाजे आणि विमाने त्यांच्या तटरक्षणात आजही आहेत. लोकांनी नाकारलेला तळ बळाने घेतला असता, तर तो टिकवायला जो पहारा लागला असता त्यातच त्याची किंमत संपली असती. चीनला रोखण्याचा उपाय करार घट्ट बांधणे हा नाही. आपल्याशी करार करणे लहान देशाला कमी धोक्याचे वाटावे, हा आहे.

बहुराष्ट्रीय रचनेचे मोल याच ठिकाणी कळते. मार्च २०१९ मध्ये पुण्याच्या औंध लष्करी तळावर भारत आणि आफ्रिकेतल्या १७ देशांच्या सैन्यांचा पहिला एकत्रित सराव झाला. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. मार्च २०२३ मध्ये दुसऱ्या सरावाला २५ आफ्रिकी देशांतून सव्वाशेच्या आसपास सैनिक आले. विषय होते सुरुंग काढणे आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमा. सुरुंग काढताना दिसणारे चित्र साधे असते: एक जवान पोटावर पडून काठीने तिरक्या कोनात जमीन चाचपतो, मागे दुसरा त्याच्या हातावर नजर ठेवून असतो, आणि तासाभरात ते हातभरच पुढे सरकतात. ज्याच्या शेतात सुरुंग पुरलेले आहेत त्या शेतकऱ्याला हे ज्ञान कोणत्याही रणगाड्यापेक्षा उपयोगाचे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की औंधला टांझानियाचा अधिकारी झांबियाच्या अधिकाऱ्याशी बोलत होता. आरे एकमेकांना टेकत होते. एप्रिल २०२५ मध्ये कारवारहून निघालेल्या आयएनएस सुनयनावर नऊ मित्रदेशांचे ४४ नौसैनिक आपल्या खलाशांबरोबर होते, आणि त्याच महिन्यात दार-एस-सलामजवळ झालेल्या नौदल सरावाचे यजमानपद टांझानियाने भारतासोबत घेतले होते. लहान देश यजमान होतो, तेव्हा सरावाचा विषय ठरवण्यात त्याचा आवाज असतो. १८१६ च्या कराराने नेमकी हीच गोष्ट बंद केली होती.

नागपूरचा या सगळ्याशी संबंध आता केवळ इतिहासाचा नाही. अंबाझरीच्या आयुधनिर्माणीत आणि शहराबाहेरच्या खासगी कारखान्यांत पिनाकाची रॉकेटे बनतात. आर्मेनियाने पिनाका घेतले आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचे एक केंद्र नागपुरात आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ३७.५ कोटी डॉलरला ब्राह्मोस विकत घेणारा देश फिलिपिन्सच होता. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण-निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. यात रोजगार आहे, अभिमानही असावा. पण शस्त्र विकले की सुटे भाग, दुरुस्ती, दारूगोळा यांचा पुरवठा विकणाऱ्याच्या हाती राहतो, आणि तोच आजचा रेसिडेंट ठरू शकतो. म्हणून निर्यातीच्या प्रत्येक मोठ्या करारात दुरुस्तीचे ज्ञान घेणाऱ्या देशाला शिकवण्याचे कलम असावे, त्यामुळे आपला थोडा धंदा गेला तरी चालेल.

करारातली आपली पकड स्वतःहून सैल करण्याचे धैर्य भारताने एकदा दाखवले आहे. १९४९ च्या भूतानशी झालेल्या तहात परराष्ट्र संबंधांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचे कलम होते. त्याचे मूळ ब्रिटिशांच्या १९१० च्या तहात होते. २००७ मध्ये नव्या तहात भारताने ते कलम काढून टाकले. दहा वर्षांनी डोकलामला भारत आणि चीनच्या फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा भूतानने चीनच्या रस्त्याला जाहीर विरोध केला. तो देश आपल्यापासून दूर गेला नाही. नेपाळशी असलेला १९५० चा करार मात्र अजून तसाच आहे. एक वर्षाची सूचना देऊन तो संपवण्याची तरतूद त्यात आहे. पण समुद्रकिनारा नसलेल्या आणि २०१५ मध्ये सीमेवरची मालवाहतूक बंद पडल्याचे हाल सोसलेल्या देशाला ती तरतूद वापरणे सोपे नाही. कागदावरचे दार आणि उघडणारे दार यांत अंतर असते. हा करार नव्याने पाहण्यासाठी दोन्ही देशांच्या जाणकारांचा गट २०१६ मध्ये नेमला गेला. त्याने २०१८ मध्ये अहवाल पूर्ण केला आणि तो वर्षानुवर्षे दिल्लीने हाती घेतला नाही. तो अहवाल भारताने स्वीकारावा, संसदेत ठेवावा आणि नेपाळने मागण्याची वाट न पाहता बदलांची चर्चा सुरू करावी.